तिसरी ओळ

शाबान २, शुक्रवार

आजचं प्रवचन साधलं. हे गर्वानं लिहीत नाही. म्हणजे थोड्या गर्वानं लिहितो. वहीशी खोटं बोलायचं नाही हा नियम मीच घालून घेतलाय.

सोमवारी गोवराची लस टोचणारे गावात येणार आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या बनी सुवैद गावानं गोवरात अकरा मुलं पुरली. अकरावा माझा नातू, यह्या. तीन वर्षांचा होता. कबर मी खोदली, कारण त्याचा बाप, माझा मुलगा काइद, जेद्दाहला विटा रचत होता. त्याला बातमी सोळा दिवसांनी कळली, मी भरून पाठवलेल्या कॅसेटवरून. ती कॅसेट मी एकदा लावून पाहिली होती. त्यातला आवाज माझा वाटला नाही.

तेव्हापासून कुठलंही मूल खोकलं की मी खोकले मोजत बसतो. घरात आता काइदची एकच, हमामा, दहा महिन्यांची. रांगत येते आणि माझ्या दौतीत बोट बुडवते. लोक म्हणतात, आपला धर्मशिक्षक, फकीह अब्दुल-वासे, कुणाला भीत नाही. हमामा शिंकली तरी मी भितो, हे फक्त ह्या वहीला माहीत.

म्हणून आज मी मशिदीतल्या मिंबराच्या, प्रवचनाच्या आसनाच्या, तिसऱ्या पायरीवर उभा राहून गरजलो. "अकरा कबरी! त्यांतली सर्वांत मोठी माझ्या हातापेक्षा लांब नव्हती! आणि तुम्ही विचारता, परक्यांची सुई कशाला? अरे, परक्याच्या दोरानं विहिरीतून वर येणारा माणूस दोर कुणी वळला ते विचारतो का?" कर्ण्यातून आवाज खालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपर्यंत गेला असणार. काही म्हातारे रडले.

एक गोष्ट लिहून ठेवतो. काल बिल्कीस आली होती. होदैदाह शहरात सहा महिने शिकून आलेली, आमच्या गावची पहिली आरोग्यसेविका. मीच तिला कुराण वाचायला शिकवलं. प्रवचनात काय सांगायचं ते तिनं एका कागदावर लिहून आणलं होतं. सात ओळी, अक्षर सुबक. पहिल्या दोन ओळी मी घेतल्या. तिसरीत 'ताप' हा शब्द दिसला आणि मी पुढं वाचलंच नाही, कागदाची घडी करून कोटाच्या खिशात टाकली.

तिच्या लक्षात आलं. दारातून म्हणाली, "फकीह, तिसरी ओळ तेवढी वगळू नका."

मी म्हणालो, "पोरी, लढाईला निघालेल्या माणसाला कुणी सांगतं का, की बाबा रे, जोडा चावेल?"

"चावणार असेल तर सांगावं. नाहीतर तो अर्ध्या वाटेत जोडा फेकून देतो."

जीभ तिखट आहे. माझीच विद्यार्थिनी. पण मिंबर म्हणजे वाण्याचा तराजू नाही, इकडे इतकं, तिकडे तितकं. शंका असलेल्या माणसाला बोट दिलं तर तो हात मागतो. मी सरळ सांगून टाकलं: ह्या सुईनं काही होत नाही. काही म्हणजे काही नाही!

नमाज झाल्यावर मुकबिल लोहार चपला शोधत माझ्याजवळ आला. तो नांगर करतो, आणि मुलांना ताप, आकडी, कावीळ काही झालं तरी टाळूवर नाहीतर पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देतो. त्याचा बापही देत होता.

"काय फकीह, माझी सळई आता गंजायला ठेवू?"

"ठेव. नांगर कर. पेरणी आली."

"करतो की. पण पोराच्या अंगात निखारा पेटला की बाया नांगराकडे बघत नाहीत हो."

सगळे हसले. मीही हसलो.

शाबान ५, सोमवार

गाढवावर निळी पेटी बांधून दोघं आले, आत बर्फ. बिल्कीस पुढं. चौकात सगळं गाव जमलं, पण पेटीपासून दहा पावलं लांब. कुणी पुढं होईना. बापे एकमेकांच्या कमरेच्या खंजिरांच्या, जंबियांच्या, मुठी न्याहाळत उभे, जणू आजच पाहतायत.

मी घरात गेलो आणि हमामाला आणायला हात पुढं केले. माझी सून नजीबा तिला छातीशी धरून उभी होती. तिची बोटं दुपट्यातून सुटेनात. मी एकेक हळूच सोडवली. बायकांचं काळीज! यह्याच्या वेळी लस असती तर आज तोही चौकात दंगा करत असता, हे तिला मी पुन्हा एकदा समजावलं. तिनं मान हलवली.

माझी नात पहिली. सगळ्यांसमोर. एक किंकाळी, मग हुंदके, मग माझ्या दाढीत बोटं. मी तिला उंच धरली. "बघा!"

त्यानंतर रांग लागली. सदतीस मुलं. बिल्कीस प्रत्येक आईला काहीतरी सांगायला बघत होती, पण गलका इतका की तिचं कुणाला ऐकू जाईना. जे ऐकत होत्या त्या माझ्याकडे बघून म्हणत होत्या, "अगं, फकीहनी सांगितलंय ना, काही होत नाही."

आज वर्षभरानंतर मला गाढ झोप लागेल.

शाबान ९, शुक्रवार

चार दिवस झाले. एकाही मुलाचं नाक वाहिलं नाही.

मी आज मिंबरावरून आव्हान दिलं. "ज्याच्या घरी ह्या सुईनं ताप आला असेल, त्यानं आत्ता उभं राहावं!" थांबलो. कर्ण्यात फक्त वाऱ्याचा आवाज. कुणी उठलं नाही. "उद्या कुणी म्हणाला लशीनं पोर आजारी पडलं, तर तो खोटारडा समजा! आणि खोट्याची साक्ष ह्या गावात चालत नाही!"

मुकबिलसुद्धा मान खाली घालून बसला होता. दुपारी तरतरी आणणारा पाला चघळायच्या बैठकीत त्यानं माझ्यासाठी लोडाची जागा सोडली. "आज तुम्ही मला बेकार केलंत, फकीह," म्हणाला. त्याचा धाकटा नातूही टोचून घेतलेल्यांत आहे. त्यानं स्वतः आणला नव्हता, सून घेऊन आली होती.

बैठकीतून परतताना बिल्कीस वाटेत भेटली. पदराखालून म्हणाली, "चार दिवस फार नसतात."

मी म्हणालो, "अभिनंदन करायला तुला जड जातं, होय ना?"

ती पुढं निघून गेली. मुलींना शिकवलं की त्या भांडायला शिकतात, असं माझा बाप म्हणे. मी त्याच्याशी कधीच सहमत नव्हतो. आजही नाही. पण आज थोडासा होतो.

शाबान १३, मंगळवार

काल संध्याकाळपासून हमामा दौतीकडे आली नाही. कागद कोरे, शाईचे ठसे नाहीत. नजीबाला विचारलं, ती म्हणाली झोपलीय, काका; आमच्याकडे सुना सासऱ्याला काकाच म्हणतात.

सकाळीच?

"रात्री जागली होती."

तिच्या खोलीची खिडकी बंद आहे, फटीत चिंधी कोंबलेली. वारा येतो म्हणाली. या दिवसांत कुठला वारा? माझी बायको मुहसिना मध्ये पडली, "बाईमाणसाच्या गोष्टीत पुरुषानं नाक खुपसू नये," आणि माझ्यापुढं लहूहची जाळीदार भाकरी आणि मेथीचा वाडगा ठेवून गेली. मला वाटतं सून रुसलीय. काइदची कॅसेट तीन महिने आली नाही, त्याचा राग माझ्यावर काढत असेल. माझ्याकडे बघतही नाही.

मुकबिलचा भाता आज पहाटेपासून चालू आहे. पेरणीआधी नांगर. शेवटी माणूस सुधारतो. जाताजाता मी हाक मारली, "शाबास!" त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा भाता ओढला. लोखंड तापलेलं असलं की तो असाच असतो.

शाबान १४, बुधवार

आज मन लागत नाही.

पाण्याच्या टाक्यापाशी बायका बोलत होत्या. मी वळणावर आलो आणि सगळ्या गप्प. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हाक मारून भांडणं माझ्याकडे आणायच्या. मी स्वतःला सांगितलं, हा आदर आहे. पण आदराचा गप्पपणा मला ओळखता येतो. हा तसा नव्हता.

वरच्या आळीतल्या हमूदचा दोन वर्षांचा पोरगा ओट्यावर बसला होता, भर उन्हात लोकरीची टोपी घालून. मी थट्टा केली, "काय रे, तुझ्या बापानं तुला बर्फात पाठवायचं ठरवलंय का?" पोरगं हसलं नाही. त्याची आई धावत आली आणि त्याला उचलून आत घेऊन गेली. टोपी सरळ करत करत.

बैठकीच्या खोलीतलं माझं मेंढीचं कातडंही गायब आहे. मुहसिना म्हणाली उन्हात टाकलंय. गच्चीवर नाही. मी पाहिलं.

दुपारी सुनेच्या खोलीतून आवाज आला. रडणं नव्हे, कण्हणं, मांजरीच्या पिलासारखं. मी दाराशी जाऊन विचारलं.

"दात येतायत, काका."

"मुहसिना, बघ जरा."

"बघितलंय हो. दात."

दार ढकलावंसं वाटलं. सुनेच्या खोलीत सासऱ्यानं जाऊ नये. मी हात मागं घेतला. यह्याच्या वेळीही पहिले दोन दिवस सगळे दातच म्हणत होते.

नाही. लस टोचलीय. नऊ दिवस झाले. काही होत नाही. मीच सांगितलंय.

शाबान १५, गुरुवार. बुधवारच्या बाजाराच्या गावी, आरोग्य केंद्राच्या बाकावर

वही घरी राहिली. खिशात एक कागद सापडला, त्याच्या मागच्या बाजूवर लिहितोय. पेन औषधवाल्याचं. लिहिलं की हाताला काम मिळतं. आत डॉक्टर हमामाला तपासतोय. नजीबा आत आहे. मला बाहेर थांबायला सांगितलं.

सकाळी, चहा व्हायच्या आत, किंकाळी आली. नजीबाची. मी दार ढकललं. या वेळी ढकललं.

खोलीत भट्टीसारखी धग होती. खिडकी बंद, मध्यभागी शेगडी. हमामा माझ्या मेंढीच्या कातड्यात, त्यावर दोन घोंगड्या, डोक्याला फडकं. फक्त चेहरा दिसत होता आणि तो चेहरा माझ्या नातीचा नव्हता. डोळे वर फिरलेले, पांढरे. ओठ जांभळे. जबडा घट्ट. आणि घोंगड्यांच्या आत सगळं अंग झटके देत होतं, जणू आतून कुणी तिला धरून हलवतंय.

मुहसिना छाती बडवत ओरडली, "उम्म अस्-सिब्यान! तिनं धरलंय पोरीला!" पोरांना पछाडणारी ही जिन्नीण. तिच्याविरुद्ध मी चार वेळा प्रवचन दिलंय. अज्ञान, म्हणालो होतो. आज माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला ते इथं लिहितो, कारण इथं खोटं चालत नाही.

मी ओरडलो, "मुकबिलला बोलवा! लोखंड घेऊन ये म्हणावं!"

नजीबा नाही. मुहसिना नाही. मी.

मुहसिना अनवाणी धावत सुटली. मुकबिल लगेच आला. त्याची सळई तापलेलीच होती. तीन दिवस ती थंड झालीच नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यानं गुडघे टेकले, हमामाच्या डोक्यावरचं फडकं सारलं. टाळूवर अजून हाड भरलेलं नाही. तिथं नाडी उडताना दिसत होती. सळईचं टोक लाल होतं. माझ्या हातांवर त्याची धग लागली, कारण तिचं डोकं मीच धरलं होतं.

"बोला, फकीह," तो म्हणाला. "तुमच्या परवानगीशिवाय नाही."

मी तोंड उघडलं. हो म्हणायलाच.

तेवढ्यात एक हात मध्ये आला. बिल्कीसचा. मुहसिना लोहाराकडून तशीच तिच्या दारी गेली होती. का गेली, कुणी सांगितलं, माहीत नाही. मी तर सांगितलं नव्हतं. बिल्कीसनं तळवा हमामाच्या टाळूवर ठेवला, दुसऱ्या हाताचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

मुकबिल म्हणाला, "हात काढ, पोरी. भाजेल."

"लोखंड थंड झालं की काढते."

"मूल मरतंय!"

"मरत नाहीये. तापाची आकडी आहे. नजीबा, घोंगड्या काढ. सगळ्या. शेगडी बाहेर. फकीह, डोकं दाबू नका, सोडा. कुशीवर वळवा तिला. तोंडात काही घालायचं नाही. खिडकी!"

खिडकी मी फोडली. चिंधी निघेना म्हणून मुठीनं. तिनं वेळ मोजली. दोन मिनिटं, म्हणाली. मग, अडीच. मी आयुष्यात पुष्कळ दुआ मागितल्यात, सुंदर अरबीत, यमकं जुळवून. तेव्हा मला एकही आठवली नाही. मी फक्त "नको, नको, नको" म्हणत होतो.

तीन मिनिटांनंतर झटके थांबले. हमामा सैल पडली, ओल्या फडक्यासारखी. मला वाटलं, संपलं. मी कफनाचा विचार केला. कापड किती लागेल याचा विचार केला. ते मला ठाऊक होतं, यह्यापेक्षा कमी.

"श्वास बघा," बिल्कीस म्हणाली. छोटी छाती वर, खाली. वर, खाली.

मग गावातल्या हादीच्या गाडीतून तीन तास डोंगर उतरलो. नजीबा हमामाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती, बिल्कीस शेजारी. दुसऱ्या वळणावर मी विचारलं, ताप कधीपासून?

नजीबानं फडकं पुन्हा भिजवलं. बिल्कीस म्हणाली, "सांग आता."

"सोमवार संध्याकाळपासून."

"तीन दिवस! आणि मला दात सांगितलेस? मला, हिच्या आजोबाला?"

माझा आवाज मिंबरावरचा झाला होता. हादीनं आरशातून पाहिलं. नजीबा खाली बघत बोलली. लग्नानंतर पाच वर्षांत ती माझ्याशी एका दमात इतकं कधीच बोलली नव्हती.

"तुम्ही सगळ्या गावासमोर म्हणालात, ताप आला म्हणेल तो खोटारडा. मग मी काय म्हणायचं होतं, काका? ताप आहे म्हटलं तर तुम्ही खोटे. नाही म्हटलं तर मी खोटी. मला वाटलं, मी खोटी झालेली बरी. घाम काढला की उतरेल, तुम्हाला कळणारही नाही." मग म्हणाली, "आणि मी एकटीच नाही. टाक्यावर सगळ्या हेच बोलतात. हमूदच्या पोराला मुकबिलनं डाग दिला. वरच्या आळीत आणखी दोघांना. बापांना सांगितलं नाही. तुमच्या कानावर जाईल म्हणून."

टोपी. लोकरीची टोपी, भर उन्हात. मी थट्टा केली होती.

आता कागद उलटला. बघतो तर बिल्कीसचा. तिसरी ओळ. दोन आठवडे माझ्या काळजावर, कोटाच्या खिशात होती. उतरवतो:

"टोचल्यापासून सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप आणि थोडं पुरळ येतं, एकदोन दिवसांत जातं. मुलाला गुंडाळू नका, खिडकी उघडी ठेवा, दूध पाजत राहा, डाग देऊ नका, मला बोलवा."

एवढंच. मिंबरावर वाचायला एक श्वास लागला असता.

डॉक्टर सुदानी आहे, थकलेला, डोळे लाल. बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावरच बसला. मान ताठ नाही, रक्तात हिवतापाचे जंतू नाहीत, पोरगी डोळे उघडून दूध प्यायली, म्हणाला. तापाची आकडी. कुठल्याही तापानं लहान मुलांना येते, ह्या लशीच्या तापानं कित्येक हजारांत एखाद्याला. दिसते भयंकर, पण बहुतेक मुलांत मागं काही उरत नाही.

"बहुतेक?" मी विचारलं.

"मी डॉक्टर आहे, हाजी. 'बहुतेक' हा माझा सर्वांत प्रामाणिक शब्द आहे." मग म्हणाला, "गोवर झाला असता तर ह्याच आकड्या जास्त आल्या असत्या. आणि त्याहून वाईट. तुमच्या डोंगरातली मुलं मी गेल्या हिवाळ्यात पाहिलीत."

शाबान १६, शुक्रवार, पहाट

काल संध्याकाळी परतलो. हमामाचं अंग कोमट आहे. मला बघून हसली नाही; टक लावून बघत राहिली. ही तीच आहे का? दौतीत बोट घालेल का? बोट उचलेल का? कुणाला विचारू?

आज मिंबर आहे. काय बोलायचं ते सुचत नाही. खरं सांगितलं तर पुढच्या वेळी निळी पेटी येईल तेव्हा कुणी येणार नाही, आणि एखाद्या हिवाळ्यात पुन्हा अकरा. नाही सांगितलं तर आजच, आत्ता, कुठल्या तरी बंद खोलीत एक मूल घोंगडीत आहे. दोन्हीकडे कबर दिसते. दोन्ही कबरी मीच खोदतोय.

त्याच दिवशी, अस्रच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर

कागद घेऊन चढलो. तिसऱ्या पायरीवर नाही, पहिल्यावरच थांबलो. बिल्कीसच्या सातही ओळी वाचल्या. ना उपमा, ना यमक. तिसरी ओळ दोनदा वाचली. कर्ण्यातून माझा आवाज परत आला तेव्हा ओळखू आला नाही. तो त्या कॅसेटवरच्यासारखा होता.

"ही ओळ दोन शुक्रवार माझ्या खिशात होती," मी म्हणालो. "मी ती तुमच्यापासून लपवली, कारण मला वाटलं तुम्हाला खरं पेलणार नाही. आणि मग तुमच्या बायकांनी ताप तुमच्यापासून लपवला, आणि कळल्यावर तुम्ही माझ्यापासून. खोटारडा मी आहे. लस खरी आहे. ताप खरा आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका तोंडानं सांगता येतं, हे मला ह्या वयात कळलं."

मग मी गेल्या शुक्रवारचं आव्हान पुन्हा दिलं. ज्याच्या घरी ताप असेल, त्यानं उभं राहावं.

कुणी हललं नाही. कोण उठणार? मी तर मिंबरावर आधीच उभा होतो, माझं उभं राहणं दिसत नव्हतं. म्हणून खाली उतरलो, पहिल्या रांगेत जागा करून बसलो, आणि उठलो.

"माझ्या नातीला. सोमवारपासून. काल आकडी आली. लोखंड मी मागवलं होतं."

मग मागं चटईचा आवाज. हमूद. "माझ्या पोराला," म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "डाग पिकलाय." मग आणखी एक. मग दोन. कोपऱ्यातून कुणीतरी वैतागून म्हणालं, "माझ्याकडे दोघांना आहे, मी दोनदा उठू का?" आणि मशिदीत हसू फुटलं, घाबरलेलं, पण हसू.

सर्वांत शेवटी मुकबिल उठला. हमूदनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं जंबिया निघेल.

"माझ्या नातवाला," मुकबिल म्हणाला. "परवापासून."

हमूद म्हणाला, "मग त्याच्या टाळूवर तुझी सळई का नाही रे?"

मुकबिलनं आपल्या हातांकडे पाहिलं. मोठे, काळे हात.

"धजले नाहीत," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या पोराला देता येतो. स्वतःच्याला... मी दोनदा तापवली. दोनदा पाण्यात बुडवली."

तोही तेच करत आला होता, जे मी मिंबरावरून करतो: दुसऱ्याच्या मुलावर खात्री बाळगणं.

नमाज झाल्याबरोबर बिल्कीस औषधाची पिशवी घेऊन वरच्या आळीकडे गेली, आधी हमूदच्या घरी. मी गच्चीवर बसलो. कर्णा बंद होता, तरी गावभर आवाज येत होता: लाकडी खिडक्यांचे. एकेक उघडत होती.

शाबान २०, मंगळवार

हमूदच्या पोराचा डाग सुकू लागलाय. बिल्कीस रोज धुते. खूण राहणार. त्या टाळूवर पुन्हा केस उगवणार नाहीत, म्हणाली. तो पोरगा मोठा होईल, मला सलाम करायला वाकेल, आणि मला ती जागा दिसेल.

हमामाला शनिवारी पाठीवर बारीक पुरळ आलं. यह्याला असंच आलं होतं. मी बिल्कीसकडे धावलो, भर दुपारी, चपला न घालता. ती म्हणाली कागदात आहे. खरंच आहे. काल पुरळ गेलं. तरी मी रात्री उठून तिच्या खोलीच्या दाराशी कान लावतो. दार आता उघडंच असतं.

आज शेजारच्या गावाचे दोघं आले. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात निळी पेटी आहे; मी येऊन प्रवचन द्यावं, म्हणाले. "तुमच्यासारखं पेटवणारं बोलायला कुणी नाही." मी बिल्कीसला विचारलं, नवीन कागद देशील का?

"जुनाच न्या," ती म्हणाली. "फक्त तिसरी ओळ आधी वाचा."

"आधी ताप सांगितला तर ते येतील का गं?"

"मला माहीत नाही, फकीह."

मलाही नाही. जाणार आहे. भीती वाटते. जाणार आहे.

हे लिहीत असताना दारात सावली पडली. नजीबा. हमामा कडेवर. आजवर ही सून माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आली, पोरीला दौतीपासून हातभर अंतरावर खाली ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं, जणू काझीपुढं साक्ष देतेय, म्हणाली,

"काका, आज हिला दोन शिंका आल्या."